थकलेल्या अध्यायांची बाकी

(वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे)

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो आणि पावसाळा सरत आला की त्याच विषयावर पुन्हा पत्रे येतात. फरक इतकाच की, जानेवारीत ‘रोजचे बायबलवाचन कसे सुरू करावे’ असे विचारणारे वाचक आता ‘सुटलेले वाचन पुन्हा कसे धरावे’ असे विचारतात. या खेपेला आलेल्या पत्रांतून पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांची निम्मी उत्तरे त्यातच आहेत.

प्रश्न : सलाम, पाळकसाहेब. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचा तक्ता मी एक जानेवारीला स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके आवडीने वाचली. लेवीय सुरू झाले आणि गाडी रुतली. त्यातच घरात लग्न निघाले, पंधरा दिवस पुस्तक उघडले गेले नाही आणि सुमारे पन्नास अध्याय मागे पडले. एका रविवारी दुपारी ते भरून काढायला बसले. अकरा अध्याय वाचून झाले तेव्हा डोके दुखू लागले. तेव्हापासून तक्त्याकडे पाहिले तरी अपराधी वाटते. आता पुढच्या जानेवारीपासूनच नव्याने सुरुवात करावी का? — एक भगिनी, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : जानेवारीची वाट पाहू नका आणि तो तक्ता आज संध्याकाळीच भिंतीवरून उतरवा. आपल्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. त्यांना ३६५ ने भागले तर रोजचे सव्वातीन अध्याय होतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय या वेगाने जानेवारी संपता संपता उरकतात आणि ऐन लग्नसराईत वाचक होमार्पणे, अन्नार्पणे आणि त्वचारोगाच्या चट्ट्यांची लक्षणे यांच्यामध्ये येऊन उभा राहतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक तक्ते याच वळणावर सुटलेले आहेत. आपली श्रद्धा उणी पडली असे म्हणण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

वेगाने आपले जेवढे नुकसान केले त्याहून अधिक नुकसान त्या तक्त्याने रोज दाखवलेल्या बाकीने केले. आपल्या भागात बाकी हा शब्द साधा नाही. सोसायटीचे कर्ज, कृषिपंपाचे वीजबिल, दुकानातले खाते या सगळ्यांच्या पुढे तो शब्द लागतो आणि माणूस त्या दुकानापुढून जाणेच टाळू लागतो. आपण भिंतीकडे पाहणे टाळता, तेही त्याच कारणाने. न वाचलेला अध्याय हे आपल्या अंगावरचे कर्ज आहे, अशी समजूत एकदा बसली की बायबल हे सावकाराच्या वहीसारखे दिसू लागते, आणि सावकाराची वही कोणी आवडीने उघडत नाही.

निर्गमाचा सोळावा अध्याय आपण जानेवारीत वाचलाच असेल, तो या दृष्टीने एकदा पुन्हा पाहा. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळत असे, तो माणशी एक ओमर या मापाने, त्या दिवसापुरता. ज्यांनी तो सकाळपर्यंत साठवून ठेवला, त्यांच्या साठ्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. दुप्पट गोळा करण्याची मुभा होती ती फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी. काल गोळा करायचा राहिला म्हणून आज दोन दिवसांचा गोळा करा, असे मोशेने कोणाला सांगितल्याचे त्या अध्यायात कुठेही नाही. आपण त्या रविवारी अकरा अध्याय वाचले, तो प्रयत्न मागचा मान्ना गोळा करण्याचाच होता.

सवयींचा अभ्यास करणाऱ्यांनाही यापेक्षा फार वेगळे आढळलेले नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी रोजची एक नवी लहानशी सवय लावून पाहिली होती. सवय अंगवळणी पडण्याच्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे जे आपण व्यासपीठांवरून ऐकतो, त्याला या अभ्यासाचा आधार नाही. आपल्या कामाची गोष्ट मात्र पुढेच आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्याच्या ओघात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. माझा अनुभव असा की, चुकलेल्या एका दिवसाने नेम सहसा मोडत नाही. चुकलेला दिवस भरून काढण्याच्या ओझ्याखाली तो मोडतो.

तक्ता मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी तयार केलेला तक्ता आजही जगभर वापरला जातो. त्यात रोज चार अध्याय वाचून वर्षाला जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा पूर्ण होतात. पण तो देताना त्यांनी त्यातले धोकेही स्वतःच लिहून दिले होते : वाचन नुसता उपचार होऊन बसेल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकतेचे समाधान वाटू लागेल, वाचन निष्काळजीपणे होईल आणि काहींना ते न पेलणारे जोखड वाटेल. त्यातला पहिला धोका माझ्या स्वतःच्या चांगल्या परिचयाचा आहे. पाळक म्हणून पहिल्याच नेमणुकीवर असताना मी शनिवारी रात्री बसून आठवड्याच्या सातही चौकटींवर खुणा करीत असे. एका घरगुती प्रार्थनासभेत एका वृद्ध गृहस्थांनी मला सहज विचारले, “पाळकसाहेब, आज सकाळी काय वाचलंत?” तक्त्यावर खूण होती, पण सांगायला माझ्याजवळ एक वाक्यही नव्हते.

आता प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. त्याचे अध्याय १६ आहेत, त्यामुळे रोज अर्धा अध्याय वाचला तर साधारण महिन्याभरात ते पूर्ण होते. अर्धा म्हणजे मोजून निम्मी वचने नव्हेत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे आजचे क्रमांक १५५१ सालचे आहेत. मूळ लिहिणाऱ्यांपुढे यांपैकी काहीही नव्हते. म्हणून गोष्ट जिथे थांबते तिथे थांबावे. पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीची गोष्ट सुरू होते, मध्येच रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीतून येऊन वस्त्राला शिवते आणि मग गोष्ट पुन्हा याईराच्या घरी जाते. ते सगळे एका बैठकीचे वाचन आहे, मधे तोडले तर त्यातली घालमेल निघून जाते. मार्कानंतर रूथचे चार अध्याय, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये, हा क्रम मला सोयीचा वाटतो. लूकचे २४ आणि प्रेषितांचे २८, असे हे ५२ अध्याय एकाच लेखकाने एकाच थियफिलासाला उद्देशून लिहिलेले आहेत आणि ते सलग वाचले की एका कथेसारखे उलगडतात.

लेवीय टाकून द्या, असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे परत जाल तेव्हा पहिल्या अध्यायापासून न जाता एकोणिसाव्यापासून जा. ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन पुष्कळांना नव्या करारातलेच वाटते, पण ते मुळात तिथले आहे. त्याच अध्यायात, पीक काढताना शेताचे कानेकोपरे कापू नका आणि सरवा गोरगरिबांसाठी राहू द्या, अशी आज्ञा आहे. ज्यांच्या घरी ज्वारीची काढणी होते त्यांना हा अध्याय समजावून सांगण्याची गरज पडत नाही. अर्पणांचे अध्याय त्यानंतर नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या जोडीने वाचावेत, म्हणजे ते कशासाठी आहेत हे कळू लागते.

आणि आकडा हवाच असेल, तर एक देतो. नव्या कराराचे अध्याय २६० आहेत. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला एक अध्याय, असे ५२ आठवड्यांत ते बरोबर पूर्ण होतात आणि आठवड्याचे दोन दिवस आधीच सोडलेले असल्यामुळे लग्न निघाले, पाहुणे आले किंवा वेचणीला बाया मिळाल्या तरी बाकी चढत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीत सांगतात की, येशू पहाटे उठून प्रार्थनेला जात असे, म्हणून वाचन पहाटेच झाले पाहिजे. पहाटे माझी पाणी भरण्याची धांदल असते. संध्याकाळी वाचले तर चालेल का? — एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालेल. मार्काच्या पहिल्या अध्यायात तसा उल्लेख आहे हे खरे. पण पहिले स्तोत्र रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हणते आणि दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थनेला बसत असे. घड्याळाच्या वेळेपेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला वाचन बांधणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण नळाची वेळ बदलते, विजेची बदलते, पण काही कामे रोज होतातच. सकाळचा चहा, दुपारची भांडी आवरून झाल्यावर पदराला पुसलेले हात, रात्री दाराला लावलेली कडी, यांपैकी एक निवडावे आणि पुस्तक त्याच जागेच्या हाताशी ठेवावे. कपाटात, रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेले बायबल मानाने राहते खरे, पण वाचले जात नाही. फोडणीच्या डब्याशेजारच्या फळीवरचे बायबल मी अनेक घरांत पाहिले आहे. त्याच्या पानांवर हळदीची बोटे असतात आणि मला ती आवडतात.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याच्या भागात ऊसतोडीला जातो, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतो. गावी असताना वाचन होते. फडावर मात्र कधी पहाटे तीनला उठावे लागते, तर कधी रात्री गाडी भरावी लागते. रविवारही पाळता येत नाही. पाच-सहा महिने खंड पडतो आणि परत आल्यावर मन लागत नाही. — एक बंधू, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : बंधू, आपल्याला वेळेचे नियम सांगणे हा निर्दयपणा ठरेल. काही वर्षांपूर्वी एका फडावर मला एका जोडप्याने स्वतः शोधून काढलेली तोड दाखवली होती, ती आपल्यापुढे ठेवतो. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर त्या बाईंनी बॉलपेनने एकशेएकविसाव्या स्तोत्राची दोन वचने उतरवली होती आणि तो पुठ्ठा भाकरीच्या फडक्यात ठेवला होता. त्यांचे म्हणणे असे की, गाडी केव्हा येईल याचा नेम नाही, झोप केव्हा मिळेल याचा नेम नाही, पण भाकरीचे फडके दिवसातून एकदा तरी उघडतेच. फडके सोडले की पुठ्ठा हाती येतो, ती दोन वचने मोठ्याने म्हणायची आणि मग घास घ्यायचा. चार-पाच दिवसांनी पाठ झाली की पुठ्ठ्याच्या मागल्या बाजूला पुढची दोन. ते स्तोत्र आठच वचनांचे आहे. मी गेलो तेव्हा त्यांचे तेविसावे स्तोत्र पूर्ण पाठ होते आणि हे दुसरे चालले होते. मोळ्या बांधताना नवरा पहिली ओळ म्हणे आणि बायको पुढची.

हे वाचन नव्हे, अशी शंका मनात आणू नका. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचनांविषयी घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता आणि उठता बोलत जा असे सांगितले आहे, आणि ते ज्यांना सांगितले ते चाळीस वर्षे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेले लोक होते. पुठ्ठ्यांसाठी आणखी वचने हवी असतील तर एकशेएकोणिसावे स्तोत्र घ्या. ते १७६ वचनांचे असले तरी त्याची आठ-आठ वचनांची २२ कडवी आहेत आणि दर आठवड्याला एक धरले तर जवळजवळ एक हंगाम पुरते. मुले गावी आजी-आजोबांजवळ राहत असतील, तर त्यांनाही तेच कडवे त्याच आठवड्यात म्हणायला सांगा, म्हणजे रात्री फोन लागला की ‘जेवलास का’ याच्या पुढे बोलायला काही राहील.

गावी परतल्यावर जिथे खूण होती तिथून पुढे सुरू करा. मधल्या महिन्यांचा हिशेब कोणालाही द्यायचा नाही.

प्रश्न : मी नुकताच विश्वासात आलो आहे. बायबलची मराठी जड जाते. मोबाइलवर वेगवेगळी भाषांतरे आहेत, तर मोबाइलवर वाचावे की छापील पुस्तक घ्यावे? — एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : पुस्तक घ्यावे आणि मोबाइल जवळ असू द्यावा, पण दुसऱ्या खोलीत. अवघड वचन दुसऱ्या भाषांतरात ताडून पाहण्यासाठी तो फार उपयोगी आहे. रोजच्या वाचनासाठी मात्र त्यात इतर पाहुणे फार येतात.

भाषेबद्दलची आपली अडचण जुनी आहे आणि ती ज्यांना फार तीव्रतेने जाणवली त्यांत पंडिता रमाबाई होत्या. मिशनरी विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूर) छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, तोही मोडी लिपीत. त्यानंतरही अनेक आवृत्त्या झाल्या. पण खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचून कळेल असे बायबल हवे म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण भाषांतर स्वतः केले. त्याची छपाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. सांगण्याचा हेतू असा की, भाषा जड वाटणे हा आपला कमीपणा नाही. सोप्या भाषांतरातून सुरुवात करण्यात संकोच बाळगू नका. नीतिमत्त्व, तारण, प्रायश्चित्त असे पाच-सात शब्द वारंवार येतात; ते वहीच्या एका पानावर लिहून रविवारी आपल्या पाळकांना विचारा. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला कुशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून यशया वाचत होता आणि फिलिप्पाने ‘वाचता ते समजते का’ असे विचारताच, कोणी सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे म्हणून त्याने फिलिप्पाला सरळ रथात बसवून घेतले. फिलिप्पाला त्याचे वाचन ऐकू आले, याचा अर्थ तो मोठ्याने वाचत होता. आपणही मोठ्याने वाचा, निम्मी अडचण जिभेवरच सुटते.

प्रश्न : संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत मी रोज एक अध्याय वाचतो. मुले चुळबूळ करतात आणि सासूबाई, ज्यांना वाचता येत नाही, मधेच बोलू लागतात. शिस्त कशी लावावी? — एक शिक्षक, उदगीर, जि. लातूर

उत्तर : गुरुजी, शिस्तीचा प्रश्न आपण शिक्षकाच्या नजरेने पाहिला आहे, तो क्षणभर बाजूला ठेवा. गोदाकाठच्या आपल्या मुलखात नेम म्हणजे काय हे ख्रिस्ती घरांनीही शेजारून ऐकून शिकलेले आहे. पैठण असो की गंगाखेड, दिवेलागणीला हरिपाठ सुरू झाला की घरातली म्हातारी आणि पोर दोघेही म्हणतात, कारण तो म्हणायचा असतो. रोज तोच, तेवढाच, आणि किती उरला हे कोणी विचारीत नाही. आपल्या घरात वाचणारे एक आणि गप्प बसणारे चार, अशी मांडणी झाली आहे. ती बदला. अध्यायाऐवजी दहा-बारा वचने पुरेत. मोठ्या मुलाने वाचावे, धाकटीने शेवटचे वचन सर्वांकडून म्हणवून घ्यावे आणि वाचनाचा आरंभ ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या एका कडव्याने व्हावा.

सासूबाई मधेच काय बोलतात, हे आपण लिहिलेले नाही, आणि मला तीच खरी उत्सुकता आहे. पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याच्या विश्वासाचा उगम सांगितला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी. पुढच्या आठवड्यात रूथ घ्या. दुसऱ्या अध्यायात रूथ बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते आणि संध्याकाळी झोडपून पाहते तेव्हा एक एफा (धान्याचे एक माप) सातू भरतो. तिथे सासूबाई बोलू लागल्या तर पुस्तकावर बोट ठेवून थांबा. कोणाच्या शेतात वेचले, मालकाने हाकलले की बवाजासारखी मुद्दाम चार कणसे मागे सोडायला लावली, पदरात किती आले, हे मुलांना त्यांच्याकडून ऐकू द्या. त्या संध्याकाळी तेविसावे वचन गाठले नाही, तर उद्या बोट ठेवले होते तिथून पुढे वाचा.